लहान मोटारीतील जागेचा हिशेब

स्वस्त मोटारींविषयी लिहिताना मोटारशौकिनांचा भर अश्वशक्ती, वेग आणि बाह्यरूप यांवरच राहतो. परंतु ज्या अभियंत्याला किंमत, लांबी आणि वजन या तिन्हींची मर्यादा आधीच घालून दिलेली असते, त्याच्या कौशल्याची खरी परीक्षा इंजिन कुठे ठेवायचे या निर्णयात होते. प्रवाशांच्या पायांना मिळणारी जागा, डिकीचा आकार, वळणावर गाडीचा तोल आणि दुरुस्तीची सोय या साऱ्यांचे मूळ त्याच निर्णयात असते. भारतातील रोजच्या वापराच्या गाड्या या दृष्टीने तपासल्या, तर ज्या गाड्यांना विचित्र म्हणून हसले गेले त्यांच्यामागेच अधिक खोल विचार होता असे दिसते.

वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी, मूळ इटालियन फियाट ११०० डी या गाडीच्या आराखड्यावर बेतलेली आणि पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी जुन्या मांडणीचे उत्तम उदाहरण आहे. तिचे १०८९ सीसीचे इंजिन पुढे, गाडीच्या लांबीला समांतर उभे बसवलेले होते आणि त्याची शक्ती एका लांब दांड्यातून, म्हणजे प्रोपेलर शाफ्टमधून, मागच्या चाकांकडे जात असे. या दांड्यासाठी फरशीत मधोमध उंचवटा ठेवावा लागे आणि मागच्या आसनावर मध्ये बसणाऱ्याचे पाय अवघडत. तिचा साधेपणा आणि रस्त्याच्या कडेलाही होऊ शकणारी दुरुस्ती यांमुळे ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३पर्यंत टिकली, ही तिची मोठीच थोरवी आहे. तथापि सुमारे ३.९ मीटर लांबीच्या मानाने ती प्रवाशांना जे देत असे ते बेताचेच होते.

या अडचणीवरील उत्तर युरोपात आधीच सापडलेले होते. १९५९ साली ब्रिटनमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी मिनी या गाडीत इंजिन आडवे, म्हणजे गाडीच्या रुंदीला समांतर बसवून पुढचीच चाके फिरवली, त्यामुळे लांब दांडा आणि फरशीतला उंचवटा दोन्ही गेले व अवघ्या दहा फुटांच्या गाडीत चार प्रौढ माणसे बसू लागली. मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली असे. इटलीतील दांते जाकोसा यांनी तो इंजिनाच्या टोकाला, त्याच ओळीत ठेवण्याची अधिक सोयीची रीत विकसित केली आणि १९६४च्या ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत ती प्रत्यक्षात आणली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती पडलेली मारुती ८०० याच परंपरेतली होती. तिचे तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन पुढे आडवे होते, लांबी जेमतेम ३.३ मीटर होती आणि तरीही एका कुटुंबाला तिच्यात दूरचा प्रवास करता येत असे. भारतीय मध्यमवर्गाला भरवशाची मोटार म्हणजे काय हे तिनेच शिकवले.

तेच इंजिन १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनमध्ये, म्हणजे पुढे ओम्नी नाव मिळालेल्या गाडीत, पुढच्या आसनांखाली गेले. चालक इंजिनावर बसल्यामुळे नाक उरले नाही, मागे सपाट फरशीची मोकळी जागा मिळाली आणि सरकत्या दारांमुळे अरुंद गल्लीतही चढ-उतार सोपी झाली. शाळेची मुले, रुग्ण, भाजीची पोती आणि लग्नाचे सामान या सर्वांसाठी एकच गाडी चालू शकली. तिची किंमतही मोजावी लागली, कारण उन्हाळ्यात आसनाखालून येणारी उष्णता आणि धडकेत चालकाच्या पायांपुढे जवळजवळ काहीच नसणे हे दोष त्या मांडणीचेच होते. नव्या सुरक्षा निकषांच्या पार्श्वभूमीवर २०१९ साली तिचे उत्पादन थांबले.

मात्र जागेच्या हिशेबात सर्वांत धीट प्रयोग पुण्यातील टाटा मोटर्सच्या अभियंत्यांनी नॅनोमध्ये केला. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत प्रथम दाखवली गेलेली आणि मार्च २००९मध्ये मुंबईत बाजारात आणलेली ही गाडी मारुती ८००पेक्षा सुमारे पाऊण फूट आखूड होती, तरी आतली जागा २१ टक्के अधिक असल्याचा कंपनीचा दावा होता. दोन सिलिंडरचे ६२४ सीसी इंजिन मागच्या आसनाखाली-मागे गेल्यामुळे चाके गाडीच्या अगदी चार कोपऱ्यांवर आली, आणि छत सुमारे १.६५ मीटर उंच घेतल्यामुळे माणसे आडवी न पसरता ताठ बसली. लांबी वाढवण्याऐवजी उंची वापरणे हा या आराखड्याचा गाभा होता. दोन सिलिंडरच्या इंजिनाला स्वभावतःच हादरे अधिक असतात, म्हणून त्यात बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे हादऱ्याच्या विरुद्ध फिरणारा वजनदार दांडा, बसवलेला होता. वजन मागे गेल्याने वेगाने वळताना गाडीची शेपूट बाहेर फेकली जाण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी पुढचे टायर अरुंद आणि मागचे रुंद दिले गेले. पुढचा भार हलका झाल्यामुळे पॉवर स्टिअरिंगशिवायही गाडी सहज वळत असे.

ज्या गोष्टींची थट्टा झाली त्यांतील बहुतेकांना सबळ कारण होते. चाकाला तीनच नट असणे हे कमी वजनाच्या गाडीला पुरेसे असते. फ्रान्सची सित्रोएन टू-सीव्ही तीन नटांवरच १९४८ ते १९९० इतका दीर्घ काळ बनत राहिली. एकच वायपर आणि मधोमध बसवलेले स्पीडोमीटर हेही विचारपूर्वक केलेले होते. पेट्रोल भरण्यासाठी पुढचे बॉनेट उघडावे लागे, याची सवय थोड्या दिवसांत होत असे. परंतु मागचे दार न उघडणे ही बचत चुकीची होती. सामान मागच्या आसनाची पाठ पाडून आतून ठेवावे लागे, आणि रोज बाजारहाट करणाऱ्या कुटुंबाला ही गैरसोय दररोज जाणवत असे. २०१५ साली उघडणारे दार आले तोवर फार उशीर झाला होता. सिंगूरहून साणंदला कारखाना हलवण्यात गेलेला वेळ, काही गाड्यांना आग लागल्याच्या घटना आणि सर्वांत स्वस्त मोटार हा शिक्का यांनीही तिचे नुकसान केले. दारात प्रतिष्ठा उभी करू इच्छिणाऱ्या ग्राहकाला स्वस्तपणाची जाहिरात नको होती, आणि त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. २०१८ साली तिचे उत्पादन संपले.

काटकसरीची एक सीमा मात्र निःसंदिग्धपणे मांडली पाहिजे. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने केलेल्या धडक चाचणीत नॅनोसह पाच लोकप्रिय भारतीय लहान गाड्यांच्या तपासलेल्या आवृत्त्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. वायपर, नट आणि आरसा कमी करता येतो. सांगाड्याची मजबुती आणि एअरबॅग कमी करता येत नाही, आणि आज नव्या लहान गाड्या महागल्या असल्या तरी त्या वाढीतला सुरक्षेचा वाटा सार्थच आहे. वाईट इतकेच की त्याच काळात मांडणीतले धाडस आटले. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन पुढे आडवेच असते, आणि उंच चाकांचा व फुगीर बॉनेटचा सोस जागेचा हिशेब बिघडवतो.

सर्व गुणांचा विचार करता मारुती ८०० श्रेष्ठ, उपयोगात व्हॅन श्रेष्ठ, आणि आराखड्याच्या बुद्धीत नॅनो श्रेष्ठ, असा निर्णय द्यावा लागतो. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतरही तपासणी करून पुढे वाढवता येते. म्हणून ज्यांच्याकडे मूळ सुट्या भागांसह चालती नॅनो किंवा व्हॅन आहे, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला एकदा विचारावे, आणि महाविद्यालयांनीही अशी एक गाडी उघडून विद्यार्थ्यांपुढे ठेवावी.