नाव झाकलेली गाणी

इंग्लंडच्या उत्तर भागातल्या 'नॉर्दर्न सोल' या नृत्यवेडाविषयी वाचताना मला अस्वस्थ करतो तो लेबलावर चिकटवलेला कागद. विगन कसिनोत (१९७३ ते १९८१) पोरे रात्रभर नाचत ती अमेरिकेत फारशा न खपलेल्या, तिथे विस्मरणात गेलेल्या तबकड्यांवर. प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागू नये म्हणून डीजे लेबल झाकत आणि दुसऱ्याच कुणाचे नाव सांगत. फ्रँक विल्सनचे १९६५ चे 'डू आय लव्ह यू' तिथे गाजले ते एडी फॉस्टरच्या नावावर. या गाण्याच्या मूळ तबकडीच्या मोजक्याच प्रती उरल्या. त्यांतली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली.

संग्राहकाला मूळ प्रतच हवी, पुनर्मुद्रण त्याला बाटलेले वाटते. पावडर भुरभुरलेल्या लाकडी जमिनीवर गिरकी घेणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते. माझा कल अर्थात नाचणाऱ्याकडे. मोटाऊनने बाजारात न आणलेल्या गाण्याला ही किंमत आली ती शेवटी त्याच्याच पावलांमुळे. मात्र गोदामांतली धूळ उपसणारा कुणी नसता, तर तो नाचला तरी कशावर असता? म्हणून संग्राहकाचा लोभ मला समजतो. नाव झाकणे समजत नाही. पोथ्या कुलपात ठेवणारे विद्वान आपल्याकडेही झाले, पण ते निदान कवी तरी बदलत नसत!

१९७९ मध्ये टॅमला मोटाऊनने हे गाणे इंग्लंडात रीतसर काढले, विल्सनच्याच नावाने. तोवर काही काळ नाचणारे भलत्याच माणसाला दाद देत होते.