आडातल्या बाया

सुलतान बाजारातल्या आमच्या वाड्यात आड होता. काठाशी शेंदूर माखलेले सात गोटे. लग्न होऊन हैदराबादेत येताना आजीनं ते नांदेडला गोदावरीतून उचलून ओच्यात घालून आणले होते. "दुपारच्याला आडात वाकू नको रे, बाया न्हायल्यात," असं म्हणायची.

बाया म्हणजे साती आसरा. त्यांची नावं मला फार उशिरा एका कोशात सापडली: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. मासोळी, कासव, खेकडा, बेडूक, मगर, सगळा पाण्यातलाच गणगोत. आजीला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. सणावाराला त्यांना दहीभात आणि हिरव्या बांगड्या मात्र कधी चुकल्या नाहीत.

बोअर घेतल्यावर आड आटला. मग त्यात भर टाकून वर फरशी बसवली. त्या रात्री आजी जेवली नाही. "आता त्या कुठं जातील?" एवढंच दोनदा बोलली. सकाळी तिनं गोटे तांब्याच्या घंगाळात ठेवले. नळ दिवसाआड यायचा. पहिला तांब्या त्या घंगाळात.

आयर्लंडमध्ये शेतांत मातीचे गोल बांध आहेत, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्त्यांची कुंपणं. लोक त्यांना परींचे किल्ले म्हणतात आणि त्यांवरून सहसा नांगर फिरवत नाहीत. एकट्या उभ्या काटेरी व्हाइटथॉर्नलाही सहसा कुणी कुऱ्हाड लावत नाही. १९९९ साली क्लेअर परगण्यात, लाटून इथं, असंच एक झुडूप महामार्गाच्या वाटेत आलं. एडी लेनिहन या कथेकऱ्यानं त्याच्यासाठी आवाज उठवला आणि झुडूप राखलं गेलं. हे वाचलं तेव्हा आजी हवी होती. तिला ती माणसं आपली वाटली असती.

आमच्या बाजारावरून २०२० पासून मेट्रो धावते. वाडा त्याआधीच पडला. सामान हलवताना घंगाळ आलं, रिकामं. मी परत गेलो तोवर मलबा उचलला होता.

गेल्या वर्षी मी नांदेडच्या घाटावर उतरलो. सात गोटे निवडले, धुतले, रुमालात बांधले. मग तसेच पाण्यात सोडून दिले. आजीनं त्यांना काय म्हणून सोबत बोलावलं होतं, ते तिला कधी विचारलंच नव्हतं.