शिरूर ते दौंड : एका नोंदीच्या शोधात

शिरूरला जुनी माणसे अजूनही घोडनदीच म्हणतात. नदीचेच नाव गावाला पडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची लष्करी छावणी होती, आणि छावणीच्या आश्रयाने बाजारपेठ वाढली. दौंडची कथा रेल्वेच्या रुळांची. 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि भीमेकाठचे हे गाव जंक्शन बनले. राजस्थान-गुजरातेतून लोटा-दोरी घेऊन निघालेले आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज या दोन गावांत स्थिरावले. बरोबर भांडवल फारसे नव्हते. होती ती वही आणि वहीवरची साख. वहीत लिहिले ते खरे, एवढ्यावर सावकार माल देत असे.

ही साख किती जपली पाहिजे, याचा धडा मला गेल्या वर्षी अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाला : माझ्या भाचीच्या व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत.

भाची दौंडची, पण जन्म शिरूरचा. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे माझी बहीण 1998 मध्ये आमच्याकडे आली होती. मुलीचे पहिले चार महिने घोडनदीत गेले, पुढचे सारे बालपण दौंडला. लग्न झाले ते अमेरिकेचे नागरिकत्व असलेल्या मुलाशी. कायमच्या वास्तव्याचा व्हिसा हवा होता. कागदपत्रे पुढे सरकली आणि मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतीपूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेण्याची सूचना आली.

ही तपासणी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे होत नाही. वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच जावे लागते. शारीरिक तपासणी, छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या चाचण्या होतात. क्षयरोगाकडे विशेष लक्ष असते. याखेरीज 1996 च्या अमेरिकी कायद्यापासून, कायम राहण्यास येणाऱ्याने ठरावीक लसी घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. वयाप्रमाणे यादी बदलते. भाचीच्या वयाला धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, कावीळ बी आणि हंगाम असल्यास फ्लू, ही त्यातली मुख्य नावे. यादी कायमची नसते. कोविडची लस 2021 मध्ये तीत आली आणि 2025 मध्ये गेली. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये. पुरावा म्हणजे लसीचे नाव, दिनांक आणि देणाऱ्या डॉक्टरांची सही-शिक्का असलेला कागद.

बहिणीचा फोन आला, "भाऊ, बाळीचं कार्ड बाईकडेच राहिलं असेल. तेवढं शोधून ठेव."

बाई म्हणजे आमची आई. मी कपाट उघडले. आजोबांच्या काळापासूनच्या रोकडवह्या, खातेवह्या, लाल कापडात बांधलेले दिवाळीच्या पूजेचे चोपडे, सगळे वर्षवार रचलेले. सत्तर वर्षांपूर्वी कोणत्या शेतकऱ्याकडून किती पोती बाजरी आली, हे मी पाच मिनिटांत सांगू शकलो असतो. भाचीला कोणत्या दिवशी कोणती लस दिली, हे मात्र सापडेना. जिथे तिचा जन्म झाला तो दवाखाना कधीच बंद झाला. डॉक्टरही हयात नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईने घरखर्चाची एक वही काढून दिली. तिच्या हातची मोडकी-तोडकी नागरी, दिनांकाच्या जागी तिथी. श्रावणातल्या एका पानावर लिहिले होते : 'बाळीस लस, डॉक्टर, रुपये तीस'. त्याखाली 'हळद, साबण'. लस कोणती, हे नव्हते. बाईला मात्र ती वही सापडल्याचा केवढा आनंद! "हे दाखव त्यांना. मी खोटं कशाला लिहीन?" ती म्हणाली. तिच्या लेखी वहीहून मोठा पुरावा नव्हता. तो तेथे चालणार नाही, हे तिला सांगताना माझी जीभ जड झाली.

वही तरीही सोबत घेतली आणि दौंडला निघालो. न्हावऱ्याहून पारगावला भीमा ओलांडली की उसाची शेते सुरू होतात. पुढे केडगाव-चौफुला. केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. 1897 च्या सुमारास दुष्काळात सापडलेल्या मुलींना रमाबाईंनी येथे आणले, तेव्हा पुण्यात प्लेगचे थैमान होते. तपासण्यांची सक्ती, घरात शिरणारे सैनिक, लोकांचा संताप, हे सारे त्याच वर्षीचे. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. लोक या लसीला घाबरत. सरकारी तपासणीचा धाक आणि लसीचा संशय, दोन्ही आपल्या भागाला नवे नाहीत. फरक इतकाच की तेव्हा तपासणी दारात येई. आता आपण पैसे भरून तिच्या दारात जातो.

चौफुल्याहून सोलापूर रस्त्याने पाटस, आणि तेथून दौंड. बहिणीच्या घरी टेबलावर कागदांचा ढीग होता. शाळेच्या दाखल्यांच्या फायलीत एक घडी पडलेले कार्ड मिळाले : त्रिगुणी लस, पोलिओ, नवव्या महिन्यातली गोवराची लस. एमएमआरची नोंद नव्हती, कावीळ बीची नव्हती. कांजिण्या चौथीत असताना आल्या होत्या. पण तेव्हाचा कागद कोण ठेवतो?

तेवढ्यात घरी आलेले एक परिचित म्हणाले, "एवढं मनाला लावून काय घेता? कोऱ्या कार्डावर जुन्या तारखा घालून सही-शिक्का करून देणारा माणूस आहे. सगळेच करतात."

कोणी काही बोलले नाही. मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. मी वहीकडे पाहिले. मोह पडला नाही, असे म्हटले तर ते या लेखातले पहिले असत्य ठरेल. मुलीचा नवरा वर्षभर वाट पाहत होता. तेव्हा भाचीच बोलली. "मामाजी, नानीनं तीस रुपयांची लससुद्धा खरी लिहिली. मी तीन खोट्या लिहू?"

विषय तेथेच संपला.

दौंडच्या आमच्या डॉक्टरांनी गाठ सोपी केली. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी दोन वाटा : रक्तातील प्रतिकारशक्तीची चाचणी करणे किंवा लस पुन्हा घेणे. आधी घेतलेली लस पुन्हा घेतल्याने सहसा अपाय होत नाही. कांजिण्या होऊन गेल्याची खात्रीशीर हकीकत तपासणारे डॉक्टर ग्राह्य धरू शकतात. कावीळ बीचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात. ते सर्व संपेपर्यंत थांबावे लागत नाही. त्या वेळेला देय असलेला डोस घेतला आणि पुढच्यासाठी पुरेसे अंतर झालेले नसले, तर डॉक्टर तशी नोंद करतात. एमएमआर ही जिवंत जंतूंची, दुर्बल केलेली लस. गर्भारपणात ती देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. नवविवाहितांनी हे आधीच विचारात घ्यावे. अशा दोन जिवंत लसी घ्यायच्या झाल्या तर एकाच दिवशी घ्याव्यात, नाहीतर मध्ये किमान अठ्ठावीस दिवस सोडावेत.

खरी अडचण पुढेच होती. भाचीने लसीसोबतचे माहितीपत्रक वाचले आणि एका शब्दावर थांबली : जिलेटिन. लस टिकून राहावी म्हणून ते घालतात, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. चॉकलेट घेतानाही वेष्टन उलटून वाचणारी मुलगी ती. म्हणाली, "खाण्यात चालत नाही, ते रक्तात कसं चालेल?"

कोणीतरी सुचवले की धार्मिक कारणावरून सवलत मागता येते. ते खरे आहे. पण तिची अट वाचली आणि आम्ही गप्प झालो. अर्जदाराचा लसीकरणाला कोणत्याही स्वरूपात विरोध असला पाहिजे आणि तो विरोध धर्मश्रद्धेतून वा नैतिक निष्ठेतून आलेला, प्रामाणिक असला पाहिजे. एकच लस नको, बाकीच्या चालतील, असे तेथे चालत नाही. ज्या घराने मुलीला पोलिओचे डोस पाजले, त्या घराने 'आमच्या धर्माला लस मान्य नाही' असे लिहून द्यायचे? अहिंसा राखण्यासाठी सत्य सोडायचे?

चातुर्मास चालू होता. शिरूरच्या स्थानकात साध्वीजी विराजमान होत्या. भाची माझ्यासोबत नानीला भेटायला आणि दर्शनाला आली. वंदना करून तिने सगळे सांगितले. साध्वीजींनी 'घे' म्हटले नाही आणि 'घेऊ नको' असेही म्हटले नाही. त्यांच्या मर्यादेत ते बसणारे नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या की गृहस्थाच्या जीवनात आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, संकल्पी हिंसा मात्र टाळलीच पाहिजे. जे करशील ते विवेकाने कर, केल्यावर त्याला निर्दोष म्हणू नकोस. दोष लागला असे वाटले तर आलोयणा आहे. लपवलेल्या दोषाला मात्र आलोयणा नाही.

घरी आल्यावर बाईने पदर सारून दंड दाखवला. तेथे देवीच्या लसीचे दोन वाटोळे व्रण आहेत. लहानपणी टोचताना तिला तिच्या वडिलांनी धरून ठेवले होते. ती लसही हिंसेपासून मुक्त नव्हती. मुंबई इलाख्यासाठी देवीची लस बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोत वासरांच्या कातडीवर वाढवीत असत, हे मी वाचले होते; त्या संध्याकाळी बाईला प्रथमच सांगितले. ती बराच वेळ व्रणावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझ्या धाकट्या मावशीला देवीनं नेलं. मला नेलं नाही. त्या वासरांना मिच्छामि दुक्कडं."

1975 मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण आढळला आणि 1980 मध्ये जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. रोग गेला तशी सार्वत्रिक लस थांबली, आणि वासरांवरचा तो प्रयोगही. हिंसा कमी होण्याची ही एक वाट आहे. जिलेटिनविना लस बनावी, असा आग्रह धरणे ही दुसरी. त्यासाठी आपल्या समाजाने उत्पादकांना पत्रे लिहिली तर ते प्रामाणिक कार्य होईल.

भाचीने लस घेतली. तो निर्णय तिने स्वतः घेतला. त्या दिवशी तिचे एकासन होते. डॉक्टरांनी जेवण झाल्यावर या म्हटले, म्हणून दुपारी गेलो. संध्याकाळी तिने प्रतिक्रमण केले आणि दुसऱ्या दिवशी साध्वीजींकडून आलोयणा घेतली. काय प्रायश्चित्त मिळाले, ते मी विचारले नाही.

पुढे दौंडहून रेल्वेने निघालो. मांजरी, हडपसर मागे पडले. याच हडपसरात 1966 मध्ये स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसी जगभर जातात. पुण्याला गाडी बदलून मुंबई. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी कागद एकेक करून लावले : दौंडचे जुने कार्ड, रक्ताचा अहवाल, नव्या लसींची पावती. कांजिण्यांविषयी त्यांनी विचारले. भाचीने वर्ष आणि शाळेची इयत्ता सांगितली, कपाळावरचा खड्डा दाखवला, आणि कागद नसल्याचेही सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले. घरखर्चाची वही पिशवीतच राहिली. परतीच्या गाडीत भाचीने ती मागून घेतली. आता ती अमेरिकेत तिच्यापाशी आहे.

ज्यांच्या घरी अशी तयारी चालू असेल, त्यांच्यासाठी थोडे. कागद शोधण्याचे काम तारीख मिळण्यापूर्वीच सुरू करा. माहेरचा दवाखाना, शाळा, घरचे डॉक्टर, तिन्ही ठिकाणी विचारा. तपासणी मात्र फार आधी करून ठेवू नका; तिची मुदत सामान्यतः सहा महिनेच असते. विद्यार्थी म्हणून जाणाऱ्यांना हा नियम तसाच लागू नाही. परंतु विद्यापीठे लसींची नोंद मागतात. इंग्लंडला सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्यांना क्षयरोगाचा दाखला लागतो. आणि कोणी कोरे कार्ड पुढे केले, तर ते परत करा.

यंदा दिवाळीला चोपडापूजनात आम्ही एक वही जास्त मांडली. घरातल्या प्रत्येक मुलाला तीत एक पान आहे : लसीचे नाव, दिनांक, डॉक्टर. पहिल्या पानावर बाईने स्वतःचे नाव लिहायला लावले. लस : देवी. दिनांक तिला आठवेना. ती जागा आम्ही कोरी ठेवली आहे.