आरटी गेली, शब्द राहिले

'विंडोज आरटी' हे नाव आठवतंय का कुणाला? नसेल तर तुमचा दोष नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ आणलं, त्याचंच हे धाकटं भावंड. मोबाइलमध्ये असतात तसल्या, कमी वीज खाणाऱ्या एआरएम प्रोसेसरसाठी बनवलेलं. पंखा नाही, आवाज नाही. मे महिन्यातलं आमचं जळगाव ज्यांना माहीत आहे त्यांना न तापणाऱ्या यंत्राचं अप्रूप कळेल!

पण दिसायला विंडोज असलं तरी जुने विंडोजचे प्रोग्राम त्यावर चालत नसत. ते इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले, आणि एआरएमला त्या आज्ञा कळतच नाहीत. म्हणजे बघा, पुण्याचा पाहुणा धुळ्याच्या बाजारात आणला तर दुकानाच्या पाट्या तो वाचेल, लिपी एकच. पण आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी हे त्याला कुणीतरी सांगावंच लागतं. आरटीमध्ये असा दुभाष्या ठेवलाच नव्हता. जे काही घ्यायचं ते मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून, आणि तिथे फारसं काही नव्हतं. जुलै २०१३ मध्ये न खपलेल्या सरफेस आरटीपायी कंपनीने ९० कोटी डॉलर तोट्यात टाकले. २०१५ पर्यंत आरटीची यंत्रं बनणंही थांबलं.

आमच्या धुळ्याच्या काकांकडे असा एक टॅबलेट होता. चुलतभावाने अमेरिकेहून आणलेला. काका त्या वेळी सत्तरीला आलेले, अहिराणी शब्द जमवायचा नाद. तोपर्यंत रोमन अक्षरं बडवून देवनागरी उमटवणारा एक प्रोग्राम ते वापरत. तो यावर चालेना. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मात्र मुळातच होता आणि वर्डही सोबत आलेलं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. काकांनी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून भिंतीला लावला आणि महिनाभर गिरवला. काकू म्हणायच्या, "ह्या वयात पुन्हा बालवाडी!"

पाच-सहा वर्षांत सहाशेच्या वर शब्द झाले. शेतीचे, नात्यांचे, शिव्यांचे सुद्धा (ते वेगळ्या फायलीत). २०१९ मध्ये काका गेले. पुढे टॅबलेटही चार्ज होईना. पण फायली पेनड्राइव्हवर होत्या, सगळं युनिकोडमध्ये. माझ्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर एक वेलांटी इकडची तिकडे झालेली नाही. आता त्याच फायली मोबाइलवरही दिसतात.

तेव्हापासून मनात येतं, टिकलं काय आणि गेलं काय? यंत्र गेलं, व्यवस्था गेली. १० जानेवारी २०२३ ला विंडोज आरटी ८.१ चा उरलासुरला आधारही संपला. मूळ कल्पना मात्र मेली नाही. २०१७ पासून विंडोज पुन्हा एआरएमवर आलं, या वेळी जुन्या प्रोग्रामांसाठी दुभाष्या घेऊन. पण काकांचे शब्द टिकले ते यांपैकी कशामुळेच नाही. कुठलंही यंत्र वाचू शकेल अशा अक्षरांत ते लिहिलेले होते, आणि मुळात कुणीतरी बसून लिहिले होते, म्हणून टिकले.

आपल्या खान्देशाला हे नवीन नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी वेळीच वहीत उतरवली नसती तर १९५१ मध्ये त्यांच्याबरोबर तीही गेली असती. सोपानदेवांमुळे १९५२ मध्ये पुस्तक निघालं म्हणून आपल्याला बहिणाबाई ठाऊक.

असो. घरच्या मंडळींना एक सांगणं आहे. काकांच्या यादीत 'ळ' पासूनचे रकाने रिकामे आहेत. धुळे, साक्री, शिरपूरकडच्या आत्या-मावश्या अजून आहेत तोवर त्यांना विचारा आणि मला कळवा. फोनवर सांगितलं तरी चालेल, टंकायला मी बसतो.