चाळणीचा समतोल

मराठीत 'चाळणे' या क्रियापदाकडे दोन कामे आहेत. धान्य चाळतात, आणि पुस्तकही चाळतात. पहिल्यात लहानमोठे वेगळे करायचे असते. दुसऱ्यात बहुधा काहीच वेगळे न करता पाने उलटायची असतात. या दुसऱ्या प्रकाराचा अनुभव आम्हां अध्यापकांना भरपूर. पहिल्याशी गाठ पडली ती एका माजी विद्यार्थ्यामुळे. तालुक्याच्या गावाबाहेर, काळ्या कातळाच्या खाणीशेजारी असलेल्या खडी क्रशरवर तो देखरेखीचे काम पाहतो. तेथील कंपनचाळणीची इंग्रजी सूचनापुस्तिका मराठीत करून द्यावी, अशी गळ त्याने आम्हां दोघांना घातली. "सर, मॅडम, माणसांना वाचून दाखवता येईल असं लिहा," एवढीच त्याची अट होती. अट वाटते तितकी सोपी नव्हती.

पहिल्याच पानावर दोन विधाने शेजारी शेजारी उभी होती. हे यंत्र असंतुलित वजनांवर चालते, हे एक. आणि यंत्राचे संतुलन काटेकोर राखावे, हे दुसरे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत असे काही आले असते तर आम्ही समासात प्रश्नचिन्ह काढले असते. येथे मात्र दोन्ही विधाने अक्षरशः खरी होती.

चाळणी म्हणजे एक पोलादी पेटी. तिच्यात एकीखाली एक अशा उतरत्या जाळ्या बसवलेल्या असतात. वरच्या जाळीवर मोठी खडी अडते, मधल्या जाळीवर लहान, आणि तळाशी कच पडते. पेटी चारही कोपऱ्यांना स्प्रिंगांवर तोललेली असते. तिच्यातून आडवा शाफ्ट जातो, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांना मुद्दाम एका अंगाला जड केलेली वजने असतात. घरातल्या पंख्याचे पाते वाकले की तो थरथरू लागतो आणि आपण दुरुस्तीला माणूस बोलावतो. इथे तीच थरथर पैसे मोजून विकत घेतलेली असते. मिनिटाला ९०० फेरे आणि मध्यापासून अवघे ५ मिलिमीटर हलणे. डोळ्यांना ते नुसते धूसर दिसते. पण तेवढ्यातही पेटीचे त्वरण गुरुत्वाच्या सुमारे साडेचारपट होते. त्यामुळे दगड जाळीवर बसून राहत नाही. उडतो, पुढच्या भोकावर पडतो, पुन्हा उडतो. ही अस्वस्थता नसेल तर चार दगड भोकांत अडकून बसतील आणि चाळणीची नुसती घसरगुंडी होईल.

मग संतुलन कशाचे? तर दोन्ही टोकांच्या असंतुलनाचे. डावीकडचे वजन जेवढे आणि ज्या कोनात, तेवढेच आणि त्याच कोनात उजवीकडचे. एक जरासे सरकले, किंवा एका कोपऱ्यातील स्प्रिंग थकली, की पेटी पिळवटू लागते. खडी एका कडेला धावते, बेअरिंग तापते, बाजूच्या पत्र्याला तडे जातात. तपासण्याची रीत आम्हांला फार आवडली. पेटीच्या चारही कोपऱ्यांवर कागद चिकटवतात आणि यंत्र चालू असताना स्थिर आधारावर टेकवलेली पेन्सिल प्रत्येक कागदाला क्षणभर लावतात. पेन्सिल हलत नाही. कागदच तिच्याखाली फिरून आपली आकृती उमटवतो. कुठे गोल, कुठे लंबगोल. डावी-उजवी जोडी जुळली तर ठीक. मिस्त्रींनी जुने कागद जपून ठेवले होते. हस्ताक्षरे पडताळावीत तसे ते जुन्या-नव्या आकृत्या शेजारी धरून पाहतात. (आमच्या विद्यापीठात उत्तरपत्रिकांचे पुनर्मूल्यांकन इतक्या निगुतीने झालेले आम्ही पाहिलेले नाही.)

मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून 'समतोल' म्हटले की वर्गात फळ्यावर तराजू उमटतो, दोन्ही पारडी स्थिर. क्रशरवरून आल्यावर आम्ही शेजारी आणखी एक चित्र काढू लागलो आहोत: एकाच शाफ्टवरची, एकाच दिशेला ओढणारी दोन जड टोके. चांगल्या शोकनाट्यातला समतोल आम्हांला या दुसऱ्या चित्राजवळचा वाटतो. मर्ढेकरांना हे पटले असते असा आमचा दावा नाही.

खरा पेच पुढच्या प्रकरणात होता. पेटीच्या भाराने स्प्रिंगा २५ मिलिमीटर दबत असतील, तर पेटीची स्वतःची झुलण्याची गती मिनिटाला सुमारे १९० होते. प्रत्येक झुलणाऱ्या वस्तूला अशी आपली गती असते, आणि बाहेरून मिळणारा धक्का तिच्याशी जुळला की झोके वाढत जातात. याला अनुस्पंदन म्हणतात. ९०० फेऱ्यांवर यंत्र या गतीच्या पुष्कळ पुढे असते, म्हणून पायाला धक्क्याचा जेमतेम विसावा हिस्सा पोचतो. पण तिथे पोचताना आणि तिथून परतताना १९०चा उंबरठा ओलांडावाच लागतो. सुरू होताना मोटर त्यावरून झपकन नेते. बंद केल्यावर ओढणारे कोणी नसते. फेरे रेंगाळत उतरतात, आणि नेमके त्या टप्प्यावर पेटी वेडीवाकडी हेलकावते.

हे हेलकावे आवरायला रबराचे किंवा घर्षणाचे अडसर बसवतात. ते गतीची उष्णता करून टाकतात. त्याला मराठीत काय म्हणावे यावर आमचा एक अख्खा रविवार गेला. एकाचे मत 'दमन', दुसरीचे 'शमन'. शम आणि दम ही जोडी आपल्याकडे जुनीच. निर्णय अखेर यंत्रानेच दिला. अडसर फार घट्ट केला तर उंबरठ्यावरचे हेलकावे कमी होतात खरे, पण पूर्ण गतीत तोच अडसर पायाकडे जास्त धक्का पोचवू लागतो. गरजेपुरते निववायचे, बाकी वेळ हात आखडता ठेवायचा. दमनाला हा संयम कुठला? 'शमन' ठेवले.

आणि मग ते वाक्य. इंग्रजीत ते लांबलचक, कर्मणी आणि कोणालाही उद्देशून नसलेले होते. बटण बंद झाले की यंत्र निवत जाईल, अशी कोणाचीही स्वाभाविक समजूत. अडकलेला दगड काढायला हात पुढे जातो तो त्याच वेळी. आम्ही 'बंद' आणि 'थांबली' हे दोन शब्द वेगळे काढले आणि लिहिले: "बटण बंद केल्यावर चाळणी आधी जास्त हलते. ती पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जाऊ नका. थांबल्यावर मेन स्विचला कुलूप लावा, मगच हात घाला."

विद्यार्थ्याने ते दुपारच्या सुटीत मोठ्याने वाचले, मग ज्यांना मराठी नीट कळत नव्हते त्यांच्यासाठी हिंदीतून सांगितले. मागून एकाने विचारले, "थांबायला किती वेळ लागतो?" पुस्तिकेत तो आकडा नव्हता. मिस्त्री उठले, चाळणी चालवली, बंद केली, आणि सगळे लांब उभे राहून मोजू लागले.