मागें गेलें तें कोण?

शेगांवाहून गजानन महाराजांची पालखी पंढरपुरास निघते, ती रस्त्याच्या कडेस उभें राहून आम्हीं पुष्कळदां पाहिली आहे. पुढची ओळ क्षणभर थबकली कीं तिच्या मागें दाटी होते, आणि ती दाटी ओळीमागून ओळ ओलांडीत पार शेवटपर्यंत सरकत जाते. मौज ही कीं, तेवढ्या वेळांत एकही वारकरी मागें गेलेला नसतो! मग मागें गेलें तें कोण? आमचे एक स्नेही तत्त्वज्ञान शिकवितात. त्यांच्या मतें ‘कोणीच नाहीं’. माणसें तेवढीं खरीं, दाटी ही केवळ बोलण्याची सोय. आम्हां इंग्रजी शिकलेल्यांस हें मत फार लवकर पटतें. परंतु गेल्या चाळीसेक वर्षांत इलेक्ट्रॉनांनीं या मताची चांगलीच पंचाईत करून ठेविली आहे.

1982 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या त्सुई, स्टॉर्मर व गोसार्ड यांनीं गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकांत इलेक्ट्रॉनांचा एक अतिशय पातळ थर कोंडला, तो निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड केला, आणि त्यावर प्रबळ चुंबक लाविला. विजेच्या प्रवाहास आडवा जो दाब उत्पन्न होतो, तो चुंबकाच्या बळाबरोबर सरळ वाढत जावयाचा. पण एके ठिकाणीं तो पायरीसारखा अडला, आणि त्या पायरीचा हिशेब 1/3 या अपूर्णांकावांचून जुळेना. पुढच्याच वर्षीं लाफलिन यांनीं उलगडा केला. हे इलेक्ट्रॉन आतां सुटे राहिले नाहींत, त्यांचा एक नवाच द्रव झाला आहे, आणि त्या द्रवांत जो क्षोभ उठतो त्याच्या अंगीं इलेक्ट्रॉनाचा तिसरा हिस्सा विद्युत्भार असतो!

इलेक्ट्रॉन तर कोणीं चिरला नव्हता. तरीही 1997 मध्यें इस्राएल व फ्रान्स या दोन्ही देशांत प्रवाहांतील सूक्ष्म चढउतार मोजून हा तिसरा हिस्सा प्रत्यक्ष पडताळण्यांत आला. आमच्या स्नेह्यांस आम्ही नम्रपणें विचारतों, बोलण्याची सोय कधीं मोजतां येते काय?

पुढें 2/5, 3/7 अशा आणखी पायऱ्या दिसल्या. त्यांची संगति 1989 मध्यें राजस्थानांतील सांभरचे जैनेंद्र जैन यांनीं लाविली. प्रत्येक इलेक्ट्रॉन दोन भोवरे आपल्याशीं बांधून घेतो, आणि ही जोडगोळीच एखाद्या नव्या कणासारखी वागूं लागते, असें त्यांचें म्हणणें. 2025 चें वुल्फ पारितोषिक त्यांस इतर दोघांसह मिळालें. आम्हांस या कल्पनेंत सर्वांत गोड वाटतें तें तिचें कारण. इलेक्ट्रॉन एकमेकांस दूर लोटतात; परस्परांस टाळण्याची उत्तम युक्ति म्हणूनच ते हे भोवरे बाळगतात. येथें मात्र आमची पालखीची उपमा लंगडी पडते, हें कबूल. वारकरी ओढीनें एकत्र येतात, हे दुराव्यानें.

अशा द्रवास आपली स्वतःची स्पंदनेंही असतात. 1993 मध्यें पिंचुक व त्यांचे सहकारी यांनीं प्रकाश पाडून तीं प्रथम टिपलीं. 2024 मध्यें नानजिंगच्या संशोधकांनीं त्याच मार्गानें, परंतु प्रकाशाला डावें-उजवें वळण देऊन, असें एक स्पंदन दाखविलें कीं ज्याचे गुण गणितानें वर्णिलेल्या गुरुत्वकणाशीं मिळतात. खरा गुरुत्वकण अद्याप कोणाच्याही हातीं लागलेला नाहीं. त्याचा हा भाऊबंद मात्र इलेक्ट्रॉनांच्या दाटींत सांपडला.