कॉकेशसांतील एकादशी

पितृपंधरवड्यांत प्रवासाला निघूं नये असा आमच्या घराण्यांतला जुना दंडक. मातोश्री हयात होत्या तोंवर तो मोडण्याची कोणाची छाती नव्हती. त्यांना जाऊन दोन वर्षें झालीं, आणि २०२४ सालच्या भाद्रपदांत नेमक्या वद्यपक्षाचींच आम्हीं जॉर्जियाचीं तिकिटें काढलीं. "तुम्ही इंग्रजी शिकवितां म्हणून पितर कांहीं मराठी विसरत नाहींत," एवढेंच सौ. बोलली आणि बॅग भरूं लागली.

जॉर्जियाच कां, असें पुष्कळांनीं विचारलें. अमेरिकेंत त्याच नांवाचें एक संस्थान असल्यामुळें "मुलाकडे चाललां वाटतें?" असाहि प्रश्न आला. आमचा जॉर्जिया कॉकेशस पर्वताच्या पायथ्याचा. उत्तरेस रशिया, दक्षिणेस तुर्कस्तान आणि आर्मेनिया, पश्चिमेस काळा समुद्र. तेथील लोक आपल्या देशाला साकार्तवेलो म्हणतात. लिपि स्वतंत्र, ३३ अक्षरांची, आणि अक्षरें इतकीं वाटोळीं कीं दुकानाची पाटी पाहिली म्हणजे कोणीं दिवाळीचीं कडबोळीं ओळीनें मांडून ठेविलीं आहेत असें वाटावें. आयुष्यभर इतरांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्या माणसावर पन्नाशी उलटल्यावर निरक्षर होण्याची पाळी आली, ह्याचा सौ.ला झालेला आनंद लपण्यासारखा नव्हता.

भाषा कानांनीं ओळखूं गेलों तर ती अधिकच फसवी निघाली. 'पुरी' हा शब्द पहिल्याच सायंकाळीं तिब्लिसी शहरांत कानीं पडला. हर्षभरानें दोन मागविल्या. पुढें आल्या त्या हातभर लांब, दोन्ही टोकांस निमुळत्या, तलवारीच्या घाटाच्या दोन रोट्या! पुरी म्हणजे तेथें पाव. विहिरीसारख्या खोल, वाटोळ्या भट्टीच्या आंतल्या अंगाला थापून तो भाजतात. त्याच रात्रीं खाचापुरीचीहि गांठ पडली. पुरणपोळींत पुरणाच्या जागीं चीज भरावें, पोळी बोटभर जाड ठेवावी, आणि ती कढत असतांनाच सुरीनें कापावी, म्हणजे खाचापुरी झाली. पहिल्या घांसालाच आम्हीं आमचा प्रवास सार्थकीं लागल्याचें जाहीर केलें. जाहीर करण्याची घाई झाली खरी.

दुसऱ्या दिवशीं, शनिवारीं, भाड्याच्या मोटारीनें उत्तरेकडे निघालों. तिब्लिसीपासून स्तेपान्त्समिंदा गांवापर्यंत सुमारें दीडशें किलोमीटरांचा हा घाटरस्ता रशियन अमलांत फौजांसाठीं बांधलेला; अद्यापहि त्याला लष्करी रस्ताच म्हणतात. आमचा सारथि पंचविशींतला. इंग्रजी मोडकें, पण निर्भय. चर्च दिसलें कीं तो छातीवर तीन वेळां क्रूसाची खूण करी. जॉर्जियांत चर्चें फार, वळणेंहि फार, आणि त्या घाटांत तीं बहुधा एकमेकांच्या सोबतीनें येत. सारथ्याचा एक हात असा परमेश्वराच्या सेवेंत गुंतला कीं आम्ही उभयतां आपापल्या परीनें त्याच परमेश्वराला आळवूं लागूं. पुलाच्या मधोमध रवंथ करीत उभ्या असलेल्या गाई मात्र अगदीं घरच्या वाटल्या.

दुपारीं पासानौरीस उतरलों. काळ्या आणि पांढऱ्या अराग्वी नद्यांचा येथें संगम आहे. पण लोक येतात ते संगमासाठीं नव्हे, खिंकालीसाठीं. ती पाहून सौ.नें हात जोडले. मैद्याचा मोदकच तो! तशाच मुरडून घातलेल्या कळ्या, तशीच वर शेंडी. शेंडी धरून मोदक उचलावयाचा, कड कुरतडून आंतला रस आधीं ओढून घ्यावयाचा, आणि शेंडी ताटांत टाकावयाची. शेवटीं शेंड्या मोजून कोणीं किती हाणले त्याचा हिशेब होतो. फक्त आंत गूळखोबऱ्याऐवजीं मांसाचा खिमा होता.

"आम्हांला मांस चालत नाहीं," आम्हीं सांगितलें. वाढणाऱ्या बाईनें कोंबडी सुचविली. तीहि नाहीं म्हटल्यावर, मांस बाजूला काढून नुसता रस्सा देण्याची तिनें तयारी दर्शविली. सारथि चिंतेंत पडला. "आजार आहे?" नाहीं. "डॉक्टरानें सांगितलें?" नाहीं. मग एकाएकीं त्याचा चेहरा उजळला. "उपास?"

तेथील ख्रिस्ती लोकांत बुधवार, शुक्रवार आणि वर्षांतून कांहीं लांबलचक उपास पाळण्याची चाल आहे. त्या दिवशीं मांस, अंडें, दूध कांहीं घ्यावयाचें नाहीं. "पण आज तर शनिवार," तो म्हणाला. आमच्या पोटांत कावळे ओरडत होते. "आमच्याकडे हा पंधरवडा पितरांचा," आम्ही म्हणालों. "कोणासाठीं?" "आईसाठीं." ह्यांत एक अक्षरहि खोटें नव्हतें. पण कुरुक्षेत्रावर धर्मराजाचींहि अक्षरें खरींच होतीं, आणि तरीहि त्याचा रथ जमिनीला टेकला तो टेकलाच.

उपासाचें नांव निघतांच मुदपाकखान्याचीं दारें उघडलीं. मातीच्या बोळक्यांत शिजलेला राजम्यासारखा लोबिओ, अक्रोडाचें वाटण भरून गुंडाळलेल्या वांग्याच्या कापा, पालक आणि बीट ह्यांचे अक्रोडांत मळलेले गोळे, भाजलेलीं अळंबीं, आणि मक्याची जाड भाकरी, जिला ते म्चादी म्हणतात. आपण जेथें दाण्याचें कूट घालतों तेथें हे लोक अक्रोडाचें घालतात, आणि आपल्याहून सढळ हातानें. एकादशी, दुप्पट खाशी ही म्हण कॉकेशसांतहि खरी ठरली. बाहेर पडतांना आम्ही स्वतःच्या चातुर्यावर खूष होतों.

ती खुषी रात्रीं उतरली. स्तेपान्त्समिंदाच्या खानावळींत शेजारच्या टेबलावर खाचापुरी आली, आणि तिच्यांत चीज आहे ही गोष्ट तेव्हां कोठें ध्यानांत आली. आम्ही उपाशी होतों, सारथि समोर होता! लोबिओ मुकाट्यानें गिळला. समोर काझबेक पर्वताचें ५,००० मीटरांहून उंच शिखर चांदण्यावांचूनहि उजळ दिसत होतें असें सौ. सांगते, आमचें लक्ष नव्हतें. सगळे निजल्यावर आम्ही चोरपावलांनीं खालीं गेलों, बंद होणाऱ्या दुकानांतून एक खाचापुरी कागदांत गुंडाळून घेतली, आणि परततांना दारांतच सारथि सिगारेट ओढीत उभा! "तुझ्यासाठीं आणली," आम्ही म्हणालों. त्यानें डोळ्यांत पाणी येईल इतक्या गहिंवरानें आमचा हात दाबला आणि आमच्यादेखतच शेवटच्या तुकड्यापर्यंत ती संपविली.

ह्या औदार्याचा परिणाम असा कीं सोमवारीं त्यानें आम्हांला काखेती प्रांतांतील आपल्या गांवीं नेलें. द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम होता. गोम्बोरीचा घाट उतरल्यावर दोहों बाजूंना द्राक्षमळे लागले. "मामा वाट पाहत आहे," तो पुनःपुन्हां म्हणे. मामाकडे जावयाचें म्हणून आम्ही बायकामुलांची चौकशी केली, आईचा हा सख्खा भाऊ कां चुलत, असेंहि विचारलें. तो गोंधळला. जॉर्जियन भाषेंत मामा म्हणजे बाप, हें अर्धा तास वंशावळ काढल्यानंतर उमगलें.

मामांनीं, म्हणजे त्याच्या वडिलांनीं, जमिनींत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण दाखविले. ह्या रांजणांतच द्राक्षरस आंबवून मद्य करतात. २०१३ सालीं ह्या पद्धतीची नोंद युनेस्कोच्या वारशांच्या यादींत झाली. त्या देशांत सांपडलेल्या आठ हजार वर्षांपूर्वींच्या खापरांवरहि मद्याचे अंश मिळाले आहेत. आम्हांला न आंबलेला ताजा रस मिळाला. घरांत एक आजी होती. आम्ही हिंदुस्थानांतले म्हणतांच तिनें "गोवा!" म्हणून क्रूसाची खूण केली. काखेतीची राणी केतेवान हिनें धर्म सोडण्याचें नाकारलें म्हणून १६२४ सालीं इराणच्या शहानें शिराझ येथें तिचे प्राण घेतले. ऑगस्टिनियन साधूंनीं तिच्या अस्थि गोव्यास आणिल्या, जुन्या गोव्यांतल्या पडक्या मठांत त्या सांपडल्या, आणि २०२१ सालीं त्यांतल्या कांहीं हिंदुस्थानानें जॉर्जियाला दिल्या. त्या मठाच्या मनोऱ्यासमोर उभे राहून आम्हीं पूर्वीं फोटो काढविला होता. तेथें कोणी राणी वस्तीला होती ह्याची आम्हांला गंधवार्ताहि नव्हती.

सौ. आजीबरोबर स्वयंपाकघरांत शिरली ती तासभर बाहेर आली नाहीं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण आजी एकेक बरणी उघडून तिच्या नाकाशीं धरी. "मेथी!" म्हणून सौ. एकदम ओरडली. ती निळ्या फुलांची, आपल्या मेथीची मावसबहीण. तिला ते 'उत्स्खो सुनेली' म्हणतात, म्हणजे परका मसाला. घरोघर रोज खावयाचा आणि नांव मात्र परका! आपण अमेरिकेंतून आलेला बटाटा उपासाला चालवितों, हें त्यापेक्षां मोठ्या मनाचें म्हणावें लागेल. दुसऱ्या बरणींत पिवळी पूड होती. सौ.ला वाटली हळद. आजीनें वाळलेलें फूल आणून दाखविलें: झेंडू! दसरा बारा दिवसांवर आला होता. ज्याचें तोरण आपण दाराला बांधतों तें हे लोक केशर म्हणून आमटींत घालतात.

अंगणांत द्राक्षवेलींच्या काटक्यांवर तोडणी करणाऱ्यांसाठीं मांस भाजत होतें. परंतु अर्धें टेबल उपासाचें होतें, आणि आजी आमच्याच बाजूला येऊन बसली. तिनें ना मांसाला हात लावला, ना चीजला. सारथ्याला कारण विचारलें. "पाहुण्यानें एकट्यानें उपास करूं नये, असें ती म्हणते," तो म्हणाला. घांस घशांत फिरूं लागला.

तेथें पेला उचलण्यापूर्वीं भाषण करावें लागतें, आणि त्यासाठीं एक यजमान नेमलेला असतो. त्याला तमादा म्हणतात. येथें मामाच तमादा होते. शांततेसाठीं, देशासाठीं, पाहुण्यांसाठीं असे पेले झाले. एकेक भाषण चांगलें लांबे. पण तासांच्या घंटेवर जगलेल्या माणसाला त्याचें काय! मग सगळे उठून उभे राहिले. हा पेला गेलेल्यांचा. प्रत्येकानें पावाच्या तुकड्यावर मद्याचे चार थेंब सोडले. आमच्या पेल्यांतला रस आम्हींहि सोडला. बोटांवरून पाणी सोडण्याची ती जुनी रीत. दोन वर्षांत एकदांहि आमच्या हातून झाली नव्हती. मामा आमच्याकडे वळले. "प्रोफेसरांच्या आईसाठीं. त्यांनीं आम्हांला तिच्याविषयीं सांगावें."

आम्ही इंग्रजींत बोललों. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत तिनें लहानपणीं गिरसप्प्याच्या धबधब्याचा धडा वाचला होता, आणि तो एकदां पाहावा असें तिच्या मनांत होतें. धबधबा पाहावा पावसाळ्यांत, आणि पावसाळ्यांत कॉलेज चालू. "परीक्षा संपूं दे," असें आम्ही दर वर्षीं म्हणत असूं. पुढें तिनें विचारण्याचें सोडलें, आणि तिनें सोडलें ह्याचें आम्हांला हायसें वाटलें होतें. हें आम्हीं मराठींत कोणाजवळहि बोललों नव्हतों, सौ.जवळहि नाहीं. ती ताटाकडे पाहत बसली होती. बोलण्याच्या भरांत, हा उपास खरा नव्हे, भुकेपोटीं सांगितलेला आहे, हेंहि आम्हीं सांगून टाकलें.

सारथ्यानें आमच्याकडे पाहिलें आणि भाषांतर केलें. तें आमच्या भाषणाहून बरेंच आंखूड झालें, आणि कोणाच्याहि चेहऱ्यावर फरक दिसला नाहीं. त्यानें काय सांगितलें आणि काय गाळलें तें आम्हीं विचारलें नाहीं. आजी मात्र त्याला कांहींतरी म्हणाली.

"ती विचारते, तो धबधबा अजून आहे ना?"

"आहे."

आजीनें मान डोलावली आणि आमच्या ताटांत आणखी एक पळी लोबिओ वाढला.

बुधवारीं रात्रींचें विमान होतें. जातां जातां सारथ्यानें तिब्लिसींत एका उपाहारगृहासमोर मोटार थांबविली. "प्रोफेसर, आतां तरी खाचापुरी?" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत हंसूं होतें. आंतून भाजल्या पिठाचा वास येत होता. सौ.नें बोटांवर दिवस मोजले.

"आज बुधवार. ह्याच्या आजीचा उपास असेल," ती म्हणाली. "आणि आपली सर्वपित्री."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी नुकतीच खाचापुरी कापली होती.

"लोबिओ सांग," आम्ही म्हणालों. "आणि म्चादी."